चिंतनिका : बैठकीतला दिवा

गणेशोत्सव आटोपला, विसर्जन झाले, की मंडळाच्या सभागृहात दोन प्रकारची माणसे दिसतात. काही सत्काराचे हार सांभाळीत घरी निघतात. काही मागे राहून चटया गुंडाळतात, पातेली घासतात. समाज कोणाच्या बळावर उभा आहे, हे त्या घटकेस कळते.

आमच्या पूर्वजांनी कोकण सोडून मॉरिशसची वाट धरली, तेव्हा त्यांच्यापाशी सभागृह नव्हते, कार्यकारिणी नव्हती, अध्यक्षही नव्हता. या बेटावर उसाच्या मळ्यांत दिवसभर राबणारी हिंदी माणसे संध्याकाळी बैठकीत जमत. तेथे अक्षरओळख होई, भजन होई, एकमेकांची सुखदुःखे कळत.

या बैठकांचे सामर्थ्य प्रा. वासुदेव विष्णुदयाल यांनी ओळखिले. भारतातील शिक्षण पुरे करून 1939 साली परतल्यावर ते गावोगाव हिंडले. 12 डिसेंबर 1943 रोजी पोर्ट लुईस येथे त्यांनी भरविलेल्या महायज्ञास हजारो लोक लोटले. परंतु त्यांचे खरे कार्य गर्दी ओसरल्यावरचे आहे. 1947 च्या राज्यघटनेने, वसाहतीत प्रचलित असलेल्या एखाद्या भाषेत साधी वाक्ये लिहिता-वाचता येणाऱ्या प्रौढांस मताधिकार दिला. तेव्हा स्वयंसेवकांनी खेड्याखेड्यांत मजुरांच्या हाती लेखणी दिली. मतदार सुमारे 12 हजारांवरून सुमारे 72 हजारांवर गेले आणि 1948 च्या निवडणुकीने या बेटाचे राजकारण पालटले.

यातील मर्म असे, की पुढाऱ्याने लोकांस ‘माझ्यामागे या’ एवढेच सांगून भागत नाही. स्वतःच्या पायावर उभे राहण्याचे साधन त्यांच्या हाती द्यावे लागते. ज्याला आपण काही देऊ शकतो असे वाटते, तोच मंडळास आपले म्हणतो.

आज आपली मुले मराठी बोलत नाहीत, याचा आपण व्यासपीठावरून खेद करतो, आणि पुष्कळदा तो खेदही क्रिओल भाषेतच व्यक्त होतो! मुलांस दोष देण्यापूर्वी आपण त्यांच्यावर कोणते काम सोपविले, हे आठवून पाहावे. आरतीचे ताट, झाकरीचा ढोल, सभेचे इतिवृत्त यांपैकी काही त्यांच्या हाती आहे काय?

पदाधिकाऱ्यांना एवढीच विनंती, की यंदा प्रत्येकाने एका मुलास जवळ बसवून शिकवावे, आणि उत्सव संपल्यावर त्याच्याबरोबर चटईचे एक टोक स्वतः धरावे.