मात्रा, काळ आणि ताप

‘मात्रा’ हा आपल्या वैद्यकातील जुना शब्द. तो उच्चारताच सहाणेवर उगाळलेल्या औषधाचे प्रमाण डोळ्यांपुढे येते. मादक द्रव्यांवरील लेखन मराठीत आणताना मात्र तो अपुरा पडतो, आणि हा उणेपणा केवळ भाषेचा नाही. शाळांतून आपण ‘हे विष आहे’ एवढेच सांगतो. ते विष कोणत्या परिस्थितीत अधिक घातक ठरते, हे सांगत नाही.

दाटीने ठेवलेले उंदीर एकेकट्या उंदरांपेक्षा अँफेटामिनच्या कितीतरी कमी मात्रेने दगावतात, हे १९४०च्या दशकातच दिसून आले. पुढे मेथअँफेटामिन दोन दोन तासांनी चार वेळा टोचले असता उंदरांच्या मेंदूतील डोपामाइनवाहक तंतूंच्या टोकांची हानी झाली. शरीर थंड राखले असता ती पुष्कळ कमी झाली. एमडीएमए दिलेल्या उंदरांच्या खोलीचे तापमान काही अंशांनी वाढविताच सिरोटोनिनची हानी बळावते, हे माल्बर्ग व सायडेन यांनी १९९८ साली दाखविले.

जामुल-भिलाईकरांस याचे मर्म सहज कळावे. भट्टीपुढे उभ्या राहणाऱ्या माणसाच्या देहातील उष्णतेस बाहेर पडण्यास वाट हवी. ही द्रव्ये उष्णता वाढवितात आणि त्वचेतील रक्तवाहिन्या आकुंचित करून ती वाटही अडवितात. पहिली मात्रा ओसरण्यापूर्वीच दुसरी घेतली, की दोहोंचा भार एकत्र पडतो.

मेफेड्रोन २०१५ साली अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आले. तरी २०२४ साली पुणे जिल्ह्यातील कुरकुंभ येथे त्याचा प्रचंड साठा सापडला. ते एकटे दिले असता उंदरांतील डोपामाइनवाहक टोके शाबूत राहिली, पण मेथअँफेटामिनच्या जोडीने हानी वाढली, असेही प्रयोग आहेत. मग पुडीत नेमके काय आहे? एमडीएमएवरील २००२ सालचा एक गाजलेला शोधनिबंध २००३ साली मागे घ्यावा लागला. कारण बाटलीत मेथअँफेटामिन निघाले. जेथे प्रयोगशाळा फसते, तेथे पुडी घेणाऱ्याची काय कथा!

‘हे सांगितल्याने मुलांना वाट दाखविल्यासारखे होईल,’ असा आक्षेप येईल. तो मला मान्य नाही. थंड जागी ही द्रव्ये निरुपद्रवी होत नाहीत. हृदयावरील आघात आणि व्यसन टळत नाही. उंदरांचे आकडे माणसास जसेच्या तसे लागू पडत नाहीत. परंतु गर्दीत तापाने फणफणून कोसळलेल्या मित्रास उकाड्यातून बाहेर काढावे, त्याचे अंग पाण्याने निववावे आणि न लपविता तात्काळ रुग्णालयात न्यावे, एवढे ज्ञान प्राण वाचवू शकते. ते दडवून ठेवण्याचा अधिकार आपणांस नाही.