कोलॅजेन पावडर विकताय? डब्यावरचा तपकिरी त्रिकोण बघितला का?

पार्लरवाल्या ताई हमखास विचारतात, "सर, कोलॅजेन पावडर आपल्या नावाने पॅक करून विकू का? मार्जिन मस्त आहे."

माझं मत स्पष्ट आहे. "सुरकुत्या जातील" असं सांगून विकणार असाल, तर नका विकू. कोलॅजेन हे प्रोटीन. पोटात गेलं की पचून त्याचे तुकडे होतात, ते थेट गालावर जाऊन बसत नाही. २०२५ मध्ये २३ चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या. औषध कंपन्यांचा पैसा नसलेल्या चाचण्यांत त्वचेला फायदा दिसलाच नाही. आता बोला!

आणि सप्लायर एक गोष्ट सांगतच नाही. कोलॅजेन माशाच्या किंवा जनावराच्या कातडी-हाडांपासून बनतं. झाडात ते नसतंच. म्हणून डब्यावर मांसाहाराचा तपकिरी त्रिकोण असतो. तुमची ग्राहक माळकरी असेल आणि न सांगता तुम्ही तिला महिनाभर ते पाजलंत, तर? ती फेशियललाही परत येणार नाही. तिच्या भिशीतल्या बायका तर विसराच.

त्यापेक्षा काउंटरवर सनस्क्रीन ठेवा. उन्हाने सुरकुत्या लवकर पडतात, याला भक्कम पुरावा आहे. शिवाय नीट लावलं तर ट्यूब पटकन संपते, ताई पुन्हा दुकानात.