धक्का खांद्याला बसतो, डोळ्यांना नव्हे

कोल्हापूरच्या न्यू पॅलेसमधल्या छत्रपती शाहू संग्रहालयात जुनी शस्त्रे आणि पेंढा भरलेली जनावरे पाहून बाहेर पडणाऱ्याच्या मनात एक समज पक्का होतो: मोठ्या जनावराची रायफल म्हणजे अक्रोडाचाच दस्ता. मग फायबरग्लासचा दस्ता पाहिला की तोच माणूस म्हणतो, ‘प्लॅस्टिक!’ शिकार आपल्याकडे १९७२च्या कायद्याने बंद झाली आणि ते योग्यच झाले. पण घराण्यात परवान्यावर आलेल्या जड रायफली आहेत, आफ्रिकेत कायदेशीर शिकारीला जाणारेही आहेत. त्यांना हा समज महागात पडतो, म्हणून तो खोडला पाहिजे.

अक्रोडवाल्यांचा पहिला दावा असा, की लाकूड धक्का पिते आणि कृत्रिम दस्ता तो थेट खांद्यावर आदळतो. .४५८ विंचेस्टर मॅग्नमची गोळी साधारण ३२ ग्रॅमची. तिच्या धक्क्याची ऊर्जा .३०-०६ काडतुसाच्या जवळपास तिप्पट. ही ऊर्जा ठरते गोळी, दारू, त्यांचा वेग आणि रायफलीचे वजन यांवर. तेच काडतूस चारऐवजी पाच किलोच्या रायफलीतून उडवले, तर ती पाचव्या हिश्शाने उतरते. लाकडी दस्ता सौम्य वाटतो तो मुख्यतः जड असतो म्हणून. फायबरग्लासच्या दस्त्यातही शिसे भरून तेवढे वजन आणता येते. उरलेले काम रुंद बटाचे, जाड रबरी गादीचे आणि दस्त्याच्या आकाराचे. बट फार खाली उतरलेला असला की नळी उसळते आणि दस्ता गालफडावर बसतो, मग तो अक्रोडाचा असो वा कशाचाही.

दुसरा दावा मजबुतीचा, आणि इथे तर लाकडाची बाजू फारच लंगडी आहे. गोळी सुटली की रायफलीच्या पोलादी भागाखालची टाच दस्त्याच्या एका छोट्याशा खाचेवर सारा भार टाकते. लाकूड रेषांच्या दिशेनेच फाटते. म्हणून खाचेच्या मागे, नाहीतर मुठीपाशी चीर जाते. जड काडतुसांच्या लाकडी दस्त्यांत आडवे पोलादी बोल्ट घालतात, टाचेभोवती इपॉक्सी ओततात, ते याचसाठी. ज्या दस्त्याला जगवायला पोलाद आणि राळ लागते, त्याच्या नैसर्गिक ताकदीचे गोडवे कशाला गायचे? हाताने थर चढवून बनवलेल्या फायबरग्लास किंवा केव्हलरच्या दस्त्यात धागे आडवे-उभे बसवता येतात, त्यामुळे भार एका रेषेवर येत नाही.

त्यातून आपला मुलूख पाहा. राधानगरी, गगनबावड्याच्या पावसात लाकूड ओल धरते, फुगते, नळीला एका बाजूने दाबू लागते. उन्हाळ्यात जुळवलेला नेम पावसाळ्यात सरकतो. लाकडाला तेल-लाख लावून हे लांबवता येते, थांबवता येत नाही. इपॉक्सीत बसवलेल्या धाग्यांना ओलीची फिकीर नसते.

राहिला प्रश्न लाकडी दस्त्याच्या अब्रूचा. नेमबाज तेजस्विनी सावंत २०१०मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये जगज्जेती झाली. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४मध्ये पॅरिस ऑलिम्पिकला कांस्यपदक आणले. त्यांच्या खेळात आज ॲल्युमिनियमचे, गाल-खांदा मापाने हलवता येणारे दस्ते सर्रास दिसतात. तिथल्या .२२ रायफलीला धक्का नगण्य, हे खरे. तरीही दस्ता माणसाच्या अंगाला बसला पाहिजे, हा धडा तिथे शोभेच्या पुढे आहे. मग खांदा झोडपणाऱ्या रायफलीला तो कमी का लागू व्हावा?

एक गोष्ट मात्र विरोधकांची मान्य करतो, आणि मनापासून. साच्यात ओतलेला स्वस्त, पोकळ दस्ता जड काडतुसाला लावू नये. तो पातळ असतो, दाबला की वाकतो, वजनाने हलका असल्याने धक्का वाढवतो. पुष्कळांनी असाच दस्ता एकदा खांद्याला लावून सगळ्या कृत्रिम दस्त्यांना नावे ठेवली आहेत. दोष त्या दस्त्याच्या बनावटीचा होता.

घराण्याच्या जुन्या रायफलीचा मूळ दस्ता मात्र कापू नका, घासू नका, विकू नका. तो तेल लावून कोरड्या जागी जपून ठेवा. जी रायफल खांद्याला लावायची आहे, तिच्यासाठी हाताने थर दिलेला, वजनदार, आपल्या मापाचा दस्ता मागवा, आणि विकणाऱ्याला रंगाआधी तो बनवला कसा हे विचारा.