पॅकेज किती, यापेक्षा हातात किती?



कॅम्पस मुलाखतींचा हंगाम आला की व्हॉट्सअॅपवर स्टेटस झळकू लागतात, 'पॅकेज ३.६० लाख!' आनंद व्हायलाच हवा. पण माझे स्पष्ट मत असे, की आयटीतली पहिली नोकरी पॅकेजवर जोखू नये. महिनाअखेर हातात काय उरते आणि पहिल्या दोन वर्षांत मूल काय शिकते, यावर जोखावी.

शेकडेवारी आपण शाळेतच शिकवतो. तेच गणित इथे लावू या. समजा, मुलाला पुण्यात हिंजवडीला ३,६०,००० रुपयांची ऑफर आली. आपण लगेच बाराने भागून म्हणतो, महिना ३०,०००. इथेच गल्लत होते. हा आकडा सीटीसी, म्हणजे कंपनीला त्याच्यामागे येणारा वर्षाचा एकूण खर्च असतो. त्यात कामगिरीवर अवलंबून असलेली रक्कम असते, समजा २४,०००. कंपनीचा पीएफचा वाटा असतो. मूळ पगार १५,००० धरला तर १२ टक्क्यांनी वर्षाला २१,६००. ग्रॅच्युइटी आणि विमा मिळून समजा १४,४००. हे ६०,००० वजा केले की महिन्याला २५,००० राहतात. त्यातून मुलाचा स्वतःचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० गेला. हातात आले २३,०००.

पीएफ त्याचाच पैसा आहे, बुडत नाही. पण त्यातून खोलीभाडे देता येत नाही. ग्रॅच्युइटीला तर कायम नोकरीत साधारणपणे सलग ५ वर्षे लागतात.

आता खर्च मांडा. दोघांतिघांत खोली, लाइटबिलासह ८,०००. दोन वेळचा डबा ४,०००. चहा-नाश्ता १,५००. बस-रिक्षा २,०००. मोबाइल, औषध, किरकोळ १,०००. झाले १६,५००. उरले ६,५००. शैक्षणिक कर्जाचा हप्ता ५,००० असेल तर शिल्लक फक्त १,५००! हे आकडे नमुन्याचे आहेत. तुम्ही चौकशी करून तुमचे घाला. बंगळुरूला किंवा मुंबईला जायचे तर खोलीच्या डिपॉझिटची आधी विचारपूस करा. पहिला पगार हाती येईपर्यंतचा खर्चही घरूनच जातो, हे विसरू नका.

मग अशी नोकरी नाकारायची का? मुळीच नाही. काम शिकवणारे असेल, वरिष्ठ चुका दाखवून देणारे असतील, तर दोन वर्षे ओढाताण सोसावी. पण घरात सगळ्यांना ती आधी ठाऊक असावी. नाहीतर घरचे पैशांची वाट बघतात आणि पोरगं लाजेखातर उसने घेत राहते.

म्हणून सही करण्यापूर्वी हे विचारायला सांगा : दरमहा हातात किती? प्रशिक्षणाच्या काळात पगार किती? बॉण्ड आहे का, किती वर्षांचा, मध्येच सोडल्यास किती भरावे लागतील? रुजू होण्याची तारीख नक्की आहे का? काम नेमके कोणते, रात्रपाळी आहे का? नोकरीसाठी कोणी पैसे मागितले तर सरळ नाही म्हणा. मूळ प्रमाणपत्रे दाखवावीत, ठेवून देऊ नयेत.

"जास्त विचारू नकोस, ऑफर जाईल," असे आपणच मुलांना सांगतो. अहो, नम्रपणे ईमेल करून विचारणे हा उद्धटपणा नव्हे. साध्या प्रश्नालाही उत्तर न देणारी कंपनी रुजू झाल्यावर कशी वागेल, याचा अंदाज तिथेच येतो.

शिक्षकांना एक विनंती. नववी-दहावीच्या गणिताच्या एका तासाला अशी एखादी पगारपत्रिका फळ्यावर मांडा. मुलांना वजाबाकी करू द्या. आणि पालकहो, पुढच्या वेळी शेजारच्या मुलाला पॅकेज विचारण्याऐवजी एवढेच विचारा, "काय रे, काम आवडतंय का? भागतंय ना?"