लसीवरचा अविश्वास कोणी पेरला?

कर्नाटकातील हासन जिल्ह्यात माणसे हृदयविकाराने एकामागून एक दगावल्याच्या बातम्या जुलै २०२५ मध्ये आल्या. कोविडच्या लसीला घाईने दिलेली मान्यता हेही त्याचे एक कारण असू शकेल, अशा आशयाचे विधान मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी त्या वेळी केले. सिद्धरामय्या हे समाजवादी परंपरेतून पुढे आलेले. तेव्हा हे विधान आपल्या मंडळींना विशेष गोड वाटावे यात नवल नाही. त्यानंतरच्या एका अभ्यासवर्गात मी स्वतः ऐकले : "लस हा भांडवलदारांचा कट होता, हे आता सत्तेवरचे लोकही कबूल करू लागले!" टाळ्या पडल्या. मला त्या टाळ्यांची लाज वाटली. हा लेख त्या टाळ्या वाजविणाऱ्यांसाठी आहे.

वस्तुस्थिती अशी, की भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने ४७ रुग्णालयांच्या साहाय्याने १८ ते ४५ वयोगटातील आकस्मिक मृत्यूंचा अभ्यास केला आणि तो २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. लसीमुळे अशा मृत्यूचा धोका वाढल्याचे त्यात आढळले नाही. उलट दोन मात्रा घेतलेल्यांत तो कमी दिसला. धोका वाढविणारी कारणे निघाली ती वेगळीच : कोविडने रुग्णालयात दाखल व्हावे लागणे, घराण्यातील आकस्मिक मृत्यूचा इतिहास, अतिरिक्त मद्यपान. हासनसंबंधी कर्नाटक सरकारने नेमलेल्या समितीलाही लसीचा संबंध आढळला नाही. पुढची गोष्ट अशी, की २०२१ या एका वर्षात लसीकरणामुळे भारतातील सुमारे ४२ लाख मृत्यू टळले, असा अंदाज लंडनच्या इंपीरियल कॉलेजच्या संशोधकांनी 'लॅन्सेट'च्या संसर्गरोगविषयक नियतकालिकात मांडला आहे. अंदाज म्हणजे मोजदाद नव्हे, हे अर्थशास्त्राच्या शिक्षकाला कोणी सांगावयास नको. परंतु आकडा निम्म्यावर आणला, तरी लसीला कट म्हणणाऱ्याला त्याचे उत्तर द्यावेच लागेल.

मात्र एवढे सांगून, अडाणी जनतेला विज्ञान कळत नाही अशी नाके मुरडणाऱ्या सुशिक्षितांच्या पंगतीलाही मी बसू इच्छित नाही. लोकांनी अविश्वास काही आकाशातून आणला नाही. त्याची पेरणी पद्धतशीरपणे झाली आहे, आणि पेरणारे हात दिल्लीचे आहेत.

जन्म-मृत्यू नोंदणीचे २०२१ सालचे आकडे सरकारने मे २०२५ मध्ये, म्हणजे चार वर्षांनी, प्रसिद्ध केले. त्या वर्षी देशात १ कोटी २ लाखांहून अधिक मृत्यूंची नोंद झाली. त्याच्या आदल्या वर्षी ती ८१ लाखांच्या घरात होती. वाढ झाली सुमारे २१ लाखांची. आणि २०२१ सालचे कोविडचे अधिकृत मृत्यू साडेतीन लाखांच्याही आत! नोंदणीच सुधारली, असा युक्तिवाद काही प्रमाणात मान्य करू. पण एका वर्षात इतकी? ज्या माणसाने आपल्या गल्लीतून निघालेल्या तिरड्या स्वतः मोजल्या, त्याला सरकारने सांगितलेला मृतांचा आकडा खोटा वाटला. मग त्याच सरकारने सांगितलेला लसीचा आकडा त्याने खरा का मानावा?

लसीच्या बाबतीतही तोच प्रकार. कोव्हॅक्सिनला ३ जानेवारी २०२१ रोजी आणीबाणीतील वापरासाठी परवानगी मिळाली, तेव्हा तिच्या तिसऱ्या टप्प्यातील चाचण्यांचे परिणामकारकतेचे निष्कर्ष हाती आलेले नव्हते. लस पुढे चांगली ठरली, ही गोष्ट वेगळी. ज्यांनी तेव्हा प्रश्न विचारला त्यांना देशद्रोही ठरविण्यात आले. त्याच वर्षाच्या फेब्रुवारीत पतंजलीच्या 'कोरोनिल'च्या समारंभाला देशाचा आरोग्यमंत्री, जो स्वतः डॉक्टर, व्यासपीठावर हजर होता. कोविशील्डमुळे क्वचित रक्ताच्या गुठळ्या होतात. भारतात असे प्रमाण दर दहा लाख मात्रांमागे ०.६१ आढळल्याचे आरोग्य मंत्रालयाने १७ मे २०२१ रोजी जाहीर केले होते. म्हणजे माहिती होती. पण लसीकरण केंद्राच्या भिंतीवर, मराठीत, ती कोणी वाचली? तिथे पंतप्रधानांचे छायाचित्र होते. म्हणून तीन वर्षांनी ब्रिटनमधल्या न्यायालयात अ‍ॅस्ट्राझेनेकाने हा क्वचित दुष्परिणाम मान्य केल्याचे वृत्त आले, तेव्हा जुनीच माहिती नव्या भांडाफोडीसारखी गावोगाव फिरली.

आता किमतीकडे वळतो, कारण माझ्या मते खरे दुखणे तेथे आहे. १ मे २०२१ पासून केंद्राने जे 'उदार' धोरण अंमलात आणले, त्यात एकाच कुपीला तीन भाव होते. सिरमने कोविशील्डसाठी केंद्राला १५०, राज्यांना ४०० (ओरड झाल्यावर ३००) आणि खासगी रुग्णालयांना ६०० रुपये असा भाव लावला. कोव्हॅक्सिनचा राज्यांसाठी ६०० आणि खासगी रुग्णालयांसाठी १२०० जाहीर झाला. ती लस तर वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, म्हणजे तुमच्या-आमच्या, भागीदारीतून निघालेली. दुसरी लाट ऐन भरात असताना राज्याराज्यांना एकमेकांविरुद्ध बोली लावावयास उभे करण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने ३१ मे रोजी हे धोरण सकृद्दर्शनी मनमानी आणि अतार्किक ठरविले, तेव्हा कोठे २१ जूनपासून केंद्राने पुन्हा खरेदी हाती घेतली. जागतिक व्यापार संघटनेत लसींवरील पेटंटचे निर्बंध उठवा म्हणून दक्षिण आफ्रिकेच्या बरोबरीने ठराव मांडणारे सरकार हेच. जिनिव्हात समाजवाद आणि घरी सट्टाबाजार!

या धड्यातून काही शिकणे झाले का? वर्धक मात्रेचा इतिहास पाहा. जानेवारी २०२२ मध्ये ती आरोग्यसेवक आणि सहव्याधी असलेल्या साठीच्या वरच्यांना मोफत सुरू झाली. १० एप्रिलपासून १८ वर्षांवरील सर्वांना खुली झाली, पण फक्त खासगी केंद्रांत आणि पैसे मोजून : २२५ रुपये, वर कर, वर दीडशेपर्यंत सेवाशुल्क. चौघांच्या कुटुंबाला दीड हजार. जुलैच्या मध्यास सरकारी सूत्रांनीच सांगितले, की १८ ते ५९ वयोगटातील ७७ कोटी लोकांपैकी एक टक्क्याहूनही कमी लोकांनी ही मात्रा घेतली. ज्यांना ती फुकट होती त्या गटात मात्र हे प्रमाण २६ टक्क्यांच्या आसपास होते. मोफत गटातले अनेक वृद्ध वा रुग्णसेवक, त्यांना भीतीही अधिक आणि अवधीही अधिक मिळाला, हे मी जमेस धरतो. तरीही एक आणि सव्वीस यांतले अंतर केवळ भीतीने भरून निघत नाही. शिवाय सरकार जी वस्तू स्वतः देत नाही, दुकानात विकत घ्या म्हणते, ती जिवासाठी आवश्यक आहे असे कोण मानील? किंमत ही स्वतःच एक माहिती असते. त्या तीन महिन्यांत सरकारने देशाला एवढेच कळविले, की ही मात्रा चैनीची आहे. १५ जुलैपासून ७५ दिवस ती पुन्हा मोफत करावी लागली, तोवर लोकांच्या मनाने निकाल दिलेला होता.

आपल्या महाराष्ट्रानेही कमी केले नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून मुंबईच्या लोकलमध्ये दोन मात्रा घेतलेल्यांनाच प्रवेश मिळाला. केंद्राने मे महिन्यात कोविशील्डच्या दोन मात्रांतले अंतर १२ ते १६ आठवड्यांवर नेलेले. म्हणजे जूनमध्ये पहिली सुई टोचून घेतलेला कल्याणचा हमाल सप्टेंबरपर्यंत कायद्यानेच गाडीबाहेर. मोटारवाल्याला कोणी प्रमाणपत्र विचारले नाही. (ती अट लादणाऱ्या सरकारात आपले मित्रपक्षही होते, हे विसरून चालणार नाही.) १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्यात घराघरांत शिरणाऱ्या गोऱ्या शिपायांनी इलाजाचीच दहशत बसविली. त्याच साली केलेला साथरोग कायदा २०२० मध्ये आपण पुन्हा बाहेर काढला, आणि त्याच्या जोडीने ती वृत्तीही.

पण १८९७ ची दुसरीही आठवण आहे. मुंबईत वाल्डेमार हाफकिनने प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्याच्या नावाने परळला उभ्या राहिलेल्या सार्वजनिक क्षेत्रातील कारखान्याला कोव्हॅक्सिन बनविण्याची परवानगी मिळाली ती एप्रिल २०२१ मध्ये, लाट छातीवर येऊन ठेपल्यावर. कसौली, कुन्नूर आणि गिंडी येथील सरकारी लसनिर्मितीचे परवाने तर २००८ मध्ये काँग्रेसच्याच राज्यात निलंबित झाले होते. ते पुढे मागे घेतले, पण मधल्या काळात बाजार खासगी हातांत गेला तो गेलाच.

माझ्या टाळीबहाद्दर मित्रांनो, लढा द्यायचा तो येथे आहे. लसीला विष म्हणणे सोपे. त्यासाठी कारखाना मागावा लागत नाही, हिशेब मागावा लागत नाही. ज्याला मुंबई-पुण्यात अतिदक्षता विभागाची खाट मिळू शकते त्याला ते परवडतेही. सर्वोच्च न्यायालयाने २ मे २०२२ रोजी दोन गोष्टी सांगितल्या : कोणावरही लसीची सक्ती करता येणार नाही, आणि दुष्परिणामांच्या नोंदी लोकांपुढे खुल्या ठेवल्या पाहिजेत. पहिली गोष्ट आपल्या वक्त्यांच्या तोंडी रोज असते. दुसरीसाठी, त्या नोंदी तालुक्याच्या आरोग्य केंद्रात मराठीत मिळाव्यात यासाठी, एखाद्या तहसील कचेरीवर मोर्चा निघाल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही.