लकडगंजची क्षेत्रसभा कोणी दाबून ठेवली?

नागपूर महानगरपालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढची जवळजवळ चार वर्षे या शहराला सभागृहच नव्हते! आयुक्तच प्रशासक, प्रशासकच स्थायी समिती, प्रशासकच महासभा. अर्थसंकल्प मांडणारा तोच आणि त्यावर मंजुरीची सही करणाराही तोच. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक झालीच पाहिजे, असे राज्यघटनेचे कलम २४३-यू बजावते. आरक्षणाचा वाद, प्रभागरचनेचा घोळ, कोर्टाच्या तारखा यांच्या आडोशाने ते कलम पायदळी तुडवले गेले. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी बडगा उगारला, तेव्हा कुठे हालचाल झाली आणि १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले.

मधल्या काळात शहर थांबले नव्हते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नागनदीचे पाणी घरांत शिरले, माणसे दगावली. त्या सकाळी चिखलात उभ्या नागपूरकराने जाब विचारायचा कोणाला? दार ठोठावायला नगरसेवक नव्हता, सभागृहात प्रश्न विचारणारा कोणी नव्हता.

आणि आमचे पूर्व नागपूर! लाकडाच्या टालांनी आणि आरामशिनींनी लकडगंज वसवले, इथल्या हमालांनी आणि व्यापाऱ्यांनी शहराचा पैसा फिरता ठेवला. त्याची परतफेड काय? साऱ्या नागपूरचा कचरा भांडेवाडीत, त्या ढिगाऱ्याची आग आणि धूर पूर्व नागपूरच्या छातीत. पारडी, भरतवाडा, पुनापूर ही गावठाणे २०१६ साली स्थापलेल्या स्मार्ट सिटी कंपनीच्या हवाली झाली. नकाशावर रस्ते आखले गेले आणि लोकांनी पोटाला चिमटा घेऊन बांधलेली घरे त्या रेषांखाली आली. रस्ता हवा, गडरलाइन हवी, हे कोण नाकारते? पण रेषा कुठून जावी हे घरमालकाला न विचारता ठरवणे ही मोगलाई आहे, आणि आम्ही तिला विकास म्हणणार नाही.

विचारण्याची सोय कायद्यातच आहे, हे तर अधिक संतापजनक. २००९ साली राज्याच्या विधिमंडळाने महापालिका कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद केली. मतदारयादीत ज्याचे नाव, तो तिचा सभासद. वस्तीतली कामे कोणती, आधी कोणते, हे सांगण्याचा हक्क त्याचा. खेड्यातल्या माणसाला ग्रामसभा आहे. लकडगंजच्या मतदाराची सभा मात्र कायद्याच्या पुस्तकात कुजते आहे. त्यावर धूळ बसू देण्यात सर्व रंगांच्या पक्षांचा हात आहे. सभा भरली की टेंडरचा हिशेब चव्हाट्यावर येतो, ही त्यांची भीती.

लोकांना विचारणे बंधनकारक कसे करता येते, ते केनियाकडे बघा. व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी तिथले किसुमू वसले आहे. हिंदुस्थानी मजुरांच्या घामाने बांधलेली रेल्वे १९०१ साली तिथे पोचली. त्या देशाने २०१० च्या राज्यघटनेत ४७ काउंट्या निर्माण केल्या, राष्ट्रीय महसुलाचा किमान १५ टक्के वाटा त्यांच्या नावे लिहिला आणि काउंटीच्या कारभारात जनतेचा सहभाग बंधनकारक केला. तिथेही भ्रष्टाचार आहे, रखडलेली कामे आहेत. पण तिथला नागरिक घटनेवर बोट ठेवून कोर्टात भांडू शकतो. आमच्या ७४ व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत १८ विषय मोजून दिले, पण ते शहरांकडे सोपवायचे की नाही, हे राज्य सरकारच्या मर्जीवर सोडले. म्हणून नागपुरात नगररचना वाटून खायला महापालिका आणि सुधार प्रन्यास असे दोन धनी, आणि नागरिक दोन्ही दारांत उभा.

नव्या नगरसेवकांनो, तुम्हाला निवडून दिले ते नामफलकांवर नावे कोरायला नव्हे. लकडगंज झोनमधली पहिली क्षेत्रसभा पावसाळ्यापूर्वी बोलवा. झोनला आलेला प्रत्येक रुपया, प्रत्येक ठेकेदाराचे नाव, प्रत्येक अपुरे काम तिथे मराठीत आणि हिंदीत वाचून दाखवा. भांडेवाडीच्या ढिगाऱ्याचे काय करणार आणि कधी, हे लोकांसमोर लेखी द्या. आणि मतदारांनो, सभा बोलावली गेली नाही, तर झोन ऑफिसच्या पायऱ्यांवर तुम्हीच ती भरवा.