अनंतकाळाचे माप

ख्रिस्ती धर्मविचाराविषयी मराठीत एक आक्षेप इतक्या सहजतेने घेतला जातो की, तो आक्षेप आहे याचेही भान बोलणाऱ्याला राहत नाही. आक्षेप असा : ख्रिस्ती माणसाची नजर परलोकावर खिळलेली असते, म्हणून इहलोकातले सुख त्याला तुच्छ वाटते आणि इहलोकातले दुःख सोसण्याजोगे. क्षणिक सुखाकडे पाठ फिरवून अनंतकाळ नजरेसमोर ठेवून जगा, ही शिकवण म्हणजे जीवनापासून काढलेली पळवाट होय, असे मानून चर्चा तेथेच संपवली जाते. या मताचा प्रतिवाद करावा म्हणून हा लेख. परंतु प्रारंभीच सांगितले पाहिजे की, आमचे भांडण केवळ बाहेरच्या टीकाकारांशी नाही. या शिकवणीचे विद्रूपीकरण तिच्या शत्रूंपेक्षा तिच्या प्रचारकांनीच अधिक केले आहे, आणि त्यांच्याशी आमचे भांडण अधिक कडवे आहे.

काही वर्षांपूर्वी एका लहान मुलाच्या दफनविधीस आम्ही उपस्थित होतो. मुलाची आई रडत होती. उपदेशकाने प्रवचनाच्या ओघात तिला जवळजवळ दटावलेच. मूल प्रभूकडे गेले आहे, अनंतकाळाच्या दृष्टीने हा वियोग क्षणाचा आहे, मग हे अश्रू अविश्वासाचे लक्षण नव्हेत काय, असा त्याचा प्रश्न होता. जमलेल्यांपैकी कोणी काही बोलले नाही. आम्हीही बोललो नाही, आणि त्या मौनाची लाज आजही वाटते. कारण त्या प्रश्नाचे उत्तर त्या उपदेशकाच्या हातातल्या पुस्तकातच होते. योहानाच्या शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात येशू लाजराच्या कबरेपाशी येतो. थोड्याच वेळात आपण या मित्राला उठवणार आहोत, हे त्याला ठाऊक आहे. तरीही तो रडतो. तेथे जमलेल्या शोकाकुल माणसांना तो अनंतकाळाचा हिशेब समजावून सांगत बसत नाही. मृत्यू क्षणाचाच ठरणार आहे हे ज्याला निश्चित माहीत होते, त्यानेच त्या क्षणाचे दुःख क्षुल्लक मानले नाही. मग इतरांना तो अधिकार कोणी दिला?

गफलत मुळात कल्पनेची आहे. 'अनंतकाळ' हा शब्द ऐकताच आपण एक न संपणारी रेषा डोळ्यांपुढे आणतो. मृत्यूपाशी ती रेषा सुरू होते आणि तिच्या तुलनेत आपले साठ-सत्तर वर्षांचे आयुष्य एक ठिपका ठरते. ही कल्पना चुकीची आहे हे फार पूर्वीच सांगितले गेले आहे. सुमारे इ.स. ५२४ मध्ये तुरुंगात मृत्युदंडाची वाट पाहत असताना बोएथियसने अनंताची जी व्याख्या केली, तिचा गाभा कालावधीची लांबी हा नव्हता. मर्यादारहित जीवन एकाच वेळी, संपूर्णपणे लाभणे असा तिचा आशय आहे. योहानाचे शुभवर्तमान तर याहून पुढे जाते. त्यात हे जीवन पुढे कधीतरी मिळेल असे केवळ आश्वासन नाही. विश्वास ठेवणाऱ्याला ते मिळालेलेच आहे, असा वर्तमानकाळी प्रयोग तेथे येतो. देवाला ओळखणे हेच ते जीवन, असे सतराव्या अध्यायात स्पष्ट केलेले आहे. मराठी बायबलने त्यासाठी 'सार्वकालिक' हा शब्द रूढ केला. हा शब्द आम्हाला अर्थपूर्ण वाटतो. जे सर्व काळांचे आहे, त्यात आजचा दिवसही येतोच. 'परलोक' या शब्दात मात्र आजच्या दिवसाला जागा नाही. आणि आमचे समीक्षक 'सार्वकालिक' वाचून मनातल्या मनात त्याचे भाषांतर 'परलोक' असे करतात.

दुसरी गफलत सुखाविषयीची. ही शिकवण सुखाला पाप मानते असे समजणाऱ्यांनी काना गावच्या लग्नातली ती सहा दगडी रांजणे आठवावीत. लग्नघरातला द्राक्षारस संपला, ही काही आत्म्याच्या तारणाची समस्या नव्हती. तरी येशूचे पहिले चिन्ह त्या घरात घडले. त्याच्या विरोधकांनी त्याला खादाड आणि मद्यपी म्हणून हिणवले, याची नोंद मत्तयाने प्रामाणिकपणे केली आहे. ऑगस्टीनने पुढे या प्रश्नाचा तात्त्विक विचार केला. काही गोष्टी वापरायच्या असतात आणि काहींत रममाण व्हायचे असते, असा भेद त्याने केला. आपल्याकडचे 'उपयोग' आणि 'उपभोग' हे दोन शब्द या भेदाच्या फार जवळ जातात. त्याचे म्हणणे असे की, जे केवळ वाटेवरचे आहे त्यालाच मुक्काम समजले की माणूस दुःखी होतो. येथे वाटेवरच्या झाडाचा, सावलीचा वा पाण्याचा निषेध कोठेही नाही. जे ओझे क्षणाला पेलणार नाही ते त्याच्यावर लादू नका, एवढीच सूचना आहे.

आता लूकच्या बाराव्या अध्यायातील त्या धनवान शेतकऱ्याचा दृष्टांत पाहू. चैनीविरुद्धचा दाखला म्हणून तो वारंवार सांगितला जातो. परंतु तो नीट वाचला तर एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. हा मनुष्य क्षणात जगणारा मुळीच नाही. तो पुष्कळ वर्षांची तजवीज करतो, जुनी कोठारे पाडून मोठी बांधण्याची योजना आखतो. आजच्या भाषेत बोलायचे तर तो दूरदृष्टीचा गुंतवणूकदार आहे. त्याची चूक कोठे आहे? त्या साऱ्या दृष्टांतात तो एकाही दुसऱ्या माणसाशी बोलत नाही. तो स्वतःला विचारतो, स्वतःला उत्तर देतो आणि स्वतःच्याच जिवाची समजूत घालतो. पीक त्याच्या शेतात आले, पण ते कापणारे हात आणि ते खाऊ शकणारी तोंडे त्याच्या हिशेबात कोठेच नाहीत. म्हणजे अनंतकाळाचा खरा प्रतिपक्ष क्षण नसून स्वतःपुरता केलेला साठा होय. तो एका संध्याकाळचा असो की चाळीस वर्षांचा, त्याचा दोष एकच.

हे मान्य केले तर आजच्या बाजाराची 'क्षणात जगा' ही घोषणाही तपासून पाहता येते. क्षणात जगण्यासाठी घेतलेली वस्तू पुढे छत्तीस महिने हप्त्यांनी फेडावी लागते. हातातल्या दूरध्वनीच्या पडद्यावर बोट सरकवत घालवलेला तासही त्या तासात जगलेला नसतो; प्रत्येक चित्र पुढच्या चित्राच्या आशेवर पाहिलेले असते. बाजार क्षण देतो असे म्हणणे हा बाजाराचा गौरव आहे. तो क्षण हिरावून घेतो आणि त्याच्या बदल्यात पुढच्या क्षणाची भूक देतो. अनंताचा विचार करणारा माणूस जीवनाला मुकतो असे म्हणणाऱ्यांनी या भुकेला कोणते नाव द्यायचे, तेही सांगावे.

पण हाच न्याय उपदेशकांनाही लावला पाहिजे. इ.स. १५१७ मध्ये जर्मनीत योहान टेट्झेल पापदंडमाफीची पत्रे विकत फिरत होता आणि त्यातला पैसा रोममधील संत पेत्राच्या मंदिराच्या बांधकामाकडे जात होता. लूथरने ३१ ऑक्टोबरला मांडलेल्या पंच्याण्णव प्रबंधांचा रोख या व्यवहारावर होता. आजही स्वर्ग ही एक मुदत ठेव आहे अशा थाटात केलेली प्रवचने आपण ऐकतो. येथे इतके द्या, तेथे तितके मिळेल. इतकी सुखे टाळा, त्यांची व्याजासह परतफेड होईल. हा उपदेश त्या शेतकऱ्याच्या कोठाराहून वेगळा कसा? कोठार मोठे झाले, एवढाच फरक. अनंतकाळासाठी जगणे म्हणजे अधिक लांब मुदतीचा स्वार्थ नव्हे, हे ज्यांना कळले नाही त्यांनी व्यासपीठावरून उतरावे, हे बरे.

याहून गंभीर गुन्हाही येथे कबूल केला पाहिजे. दुसऱ्याच्या आत्म्याचे अनंतकाळी भले व्हावे म्हणून त्याच्या देहाचे हाल करण्याचा अधिकार आपणास आहे, असे मानणारी न्यायसभा गोव्यात इ.स. १५६० मध्ये स्थापन झाली आणि मधला अल्प खंड वगळता १८१२ पर्यंत टिकली. त्याच गोव्यात १६१६ मध्ये फादर स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' छापले गेले. मराठीच्या गौरवासाठी आपण दुसरी गोष्ट सांगतो आणि पहिली सोयीस्करपणे विसरतो. तसे करता येणार नाही. अनंतकाळाच्या नावाने माणसे छळली गेली, हे सत्य आहे.

मग टीकाकारांचा आक्षेप मान्य करायचा काय? आमचे उत्तर नाही असे आहे, आणि त्याचे कारण इतिहासातच सापडते. लंडनमध्ये १८०७ साली एक बायबल छापले गेले. ते वेस्ट इंडीज बेटांवरील गुलामांसाठी मुद्दाम निवडून काढलेल्या भागांचे होते. मोशे आपल्या लोकांना दास्यातून बाहेर काढतो, ती कथा त्यातून गाळली होती. दासांनी धन्याच्या आज्ञेत राहावे, हे वचन ठेवले होते. येथवर आश्चर्य काहीच नाही. परंतु नवे आकाश आणि नवी पृथ्वी यांचे दर्शन घडवणारे 'प्रकटीकरण' हे पुस्तकही त्यातून संपूर्ण वगळले होते. अनंतकाळाची शिकवण ही गुंगी आणणारी मात्रा असती, तर ती मात्रा देणाऱ्यांनी तिचा सर्वांत तीव्र भाग बाहेर का ठेवला? ज्या पुस्तकात गुलामांच्या आणि मनुष्यांच्या जिवांचा व्यापार करणारी नगरी जळून जाते, ते पुस्तक गुलामाच्या हाती जाणे सोयीचे नव्हते, हे उघड आहे. त्याच वर्षी ब्रिटनने गुलामांच्या व्यापारावर बंदी घालणारा कायदा केला. त्या कायद्यासाठी झगडणारा विल्बरफोर्स आणि १७९१ मध्ये मृत्यूच्या काही दिवस आधी पत्र लिहून त्याला धीर देणारा जॉन वेस्ली, दोघांचीही अनंतकाळावर दृढ श्रद्धा होती. मार्क्सने १८४४ मध्ये धर्माला अफू म्हटले, एवढेच आपल्याकडे सांगितले जाते. पण त्याच परिच्छेदात त्याने धर्मातील दुःखाला खऱ्या दुःखाचा निषेधही मानले आहे, हे क्वचितच कोणी सांगतो.

एकाच शिकवणीतून मुक्तीचा लढाही निघतो आणि न्यायसभाही निघते, हे कसे? याचे उत्तर पौलाच्या एका पत्रात आहे, असे आम्हाला वाटते. करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या चौथ्या अध्यायात तो संकटांना हलकी आणि क्षणिक म्हणतो. परंतु ही संकटे कोणाची? त्याची स्वतःची आणि सोबत्यांची. पुढे अकराव्या अध्यायात फटके, कैद, जहाज फुटणे आणि उपासमार अशी यादीच तो देतो. याच पत्राच्या आठव्या आणि नवव्या अध्यायांत यरुशलेमेतील गरिबांचा विषय येतो. तेथे मात्र तुमचे दारिद्र्य क्षणिक आहे, असे तो त्यांना कळवीत नाही. त्यांच्यासाठी पैसे गोळा करतो. अनंतकाळाचे माप आपल्या दुःखाला आणि आपल्या सुखाला लावायचे असते. दुसऱ्याच्या भुकेला आणि दुसऱ्याच्या अश्रूंना ते माप लावू नये. न्यायसभेने, मळेवाल्याने आणि दफनभूमीतल्या त्या उपदेशकाने हीच मर्यादा ओलांडली. डिट्रिच बॉनहोफर अंतिम आणि उपांत्य असा भेद करतो, त्याचा मथितार्थही हाच आहे : अंतिमावर ज्याची श्रद्धा आहे त्यानेच उपांत्याची, म्हणजे भुकेल्याच्या भाकरीची, चिंता वाहिली पाहिजे. ९ एप्रिल १९४५ रोजी नाझींनी त्याला फाशी दिले. इहलोकाविषयी उदासीन असलेल्या माणसाला कोणतीही राजवट फासावर चढवत नाही.

मराठी वाचकाला याचे उदाहरण शोधायला जर्मनीपर्यंत जाण्याची गरज नाही. पंडिता रमाबाईंनी तरुणपणी दुष्काळाच्या उपासमारीत आई-वडील आणि थोरली बहीण गमावली. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुली व विधवा यांना सोबत घेऊन आल्या. केडगावचे मुक्ती सदन त्यातून उभे राहिले. आयुष्याच्या अखेरीपर्यंत, म्हणजे १९२२ पर्यंत, त्या मूळ हिब्रू आणि ग्रीक ग्रंथांवरून बायबलचे मराठी भाषांतर करीत राहिल्या. त्यांच्या धर्मांतराविषयी वाद घालणाऱ्यांनी भरपूर वाद घातला. पण सार्वकालिक जीवनाविषयी ज्या स्त्रीला तिळमात्र शंका नव्हती, तिला दुष्काळातल्या एका मुलीची आजची भूक इतकी महत्त्वाची का वाटली, हा प्रश्न आपल्या समीक्षेने स्वतःला क्वचितच विचारला. आमच्या मते, ती भूक त्यांना महत्त्वाची वाटली याचे कारण ती श्रद्धाच होते. जिचे आयुष्य कधीच संपणार नाही असे आपण मानतो, तिला चार दिवसांची पाहुणी समजून टाकून देता येत नाही.

आमचे म्हणणे एवढेच आहे. ज्यांना ही श्रद्धा मान्य नाही त्यांनी ती नाकारावी. तो त्यांचा अधिकार आहे. परंतु नाकारताना ती काय आहे हे आधी समजून घ्यावे. आणि ज्यांना ती मान्य आहे त्यांनी आपली कोठारे आणि आपले हप्ते या मापाने मोजावेत. त्या दिवशी त्या आईच्या शेजारी बसून कोणीतरी तिच्यासोबत रडायला हवे होते. अनंतकाळावर विश्वास ठेवणाऱ्याचे त्या घटकेचे तेवढेच काम होते, आणि ते आम्ही कोणीही केले नाही.